डाव्या बाजूचं टायमिंग

आमच्या अप्पांबद्दल मी बोलायला लागले की माझा नवरा उठून चहा ठेवायला जातो. त्याला माहीत असतं, आता बराच वेळ सुटका नाही. पण मी तरी काय करू? धारवाड ते हुबळी या सगळ्या पट्ट्यातल्या टू-स्ट्रोक गाड्या ज्या माणसाच्या हाताखालून गेल्या तो माझा बाप आहे, आणि हे मी ओळखीच्या, बिनओळखीच्या, सगळ्यांना सांगणार. कुणाला त्यात गर्व दिसत असेल तर दिसू दे. गर्वच आहे.

आमचं घराणं मूळचं मिरजेकडचं. आजोबा हुबळीच्या बाजारात धान्याचं दुकान टाकायला आले. चुलते सगळे गल्ल्यावर बसले, अप्पा मात्र दुकानासमोर कुणाची मोटरसायकल बंद पडली की पाना घेऊन धावायचे. घरच्यांनी शेवटी हात टेकले. मग अप्पांनी धारवाडजवळ रायापूरला, हुबळी रोडला लागून, पत्र्याची शेड टाकली आणि तिथेच त्यांचा जन्म गेला. आज ती शेड मी चालवते. नवीन गिऱ्हाईक आत येऊन "मेस्त्री कुठायत?" असं विचारतं, तेव्हा मी हातातला पाना खाली न ठेवता "बोला" म्हणते. त्याचा चेहरा बघायला मला अजूनही मजा येते.

म्हैसूरला पूर्वी बनायच्या त्या दणकट मोटरसायकली आमच्या भागात फार. मास्तर, वकील, शेतकरी, सगळ्यांकडे. त्यांचं टायमिंग लावणं हा अप्पांचा खास प्रांत. इंजिनात पिस्टन वर चढत असतो, आणि तो अगदी वर पोचायच्या किंचित आधी प्लगची ठिणगी पडावी लागते. ठिणगी जरा लवकर पडली तर गाडी तडफदार होते, पण फार लवकर पडली तर पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली रेटतोय, अशी मारामारी सुरू होते. इंजिन ठणठणतं, तापतं, आणि शेवटी पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. उशिरा पडली तर गाडी मवाळ होते, पण पिस्टन सुखात राहतो. हा क्षण पुढेमागे करायला मॅग्नेटोच्या आत एक गोल प्लेट असते. तिचे स्क्रू सैल करायचे, प्लेट केसभर फिरवायची, पुन्हा आवळायचे. झालं. पण त्या केसभरात भल्याभल्यांची भंबेरी उडते.

अप्पांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, तरी कोपऱ्यावरचा पानवाला त्यांच्यासाठी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद राखून ठेवायचा. तो कागद पॉइंटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांच्या, फटीत धरायचा आणि इंजिन हातानं हळू फिरवायचं. कागद बोटांत सैल झाला की ठिणगीचा क्षण तोच. डोळे मिटून करायचे. टायमिंग लागलं, कव्हर बसलं, की त्यावर कुंकवाचं एक बोट. खंडेनवमीला गाड्यांना कुंकू सगळेच लावतात, अप्पा दर टायमिंगला लावत. आणि एकदा बोट लागलं की गाडी पळून परत येईपर्यंत ते कव्हर कुणी उघडायचं नाही, हा शेडचा कायदा. मला त्यांनी क्लच शिकवला, कार्बोरेटर शिकवला, गिअरबॉक्स माझ्यावर सोडून ते जेवायला घरी जायला लागले. टायमिंग मात्र स्वतःकडे ठेवलं. मी धुसफुसायची, भांडायची. "बघू की ग पुढं," म्हणायचे आणि पाट ओढून स्वतः बसायचे.

आता क्वाडबद्दल. माझी मुलगी हुबळीला कॉलेजात शिकते आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर क्वाड पळवते. क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची, हँडलची, उघडी गाडी. आमची गोव्याहून टेम्पोत घालून आणलेली आहे: जुनी, परदेशी, टू-स्ट्रोक, मुळात रेससाठीच बनवलेली. सुरू केली की रायापुरात सगळ्यांना कळतं. नातेवाइकांनी नाकं मुरडून झाली. "मुलगीच ना ती?" असं एका आत्यानं विचारलं, तर अप्पांनी तिला क्वाडवर मागे बसवून शेडला एक चक्कर मारून आणली.

गाडीत एकच दुखणं होतं, पण ते मोठं होतं. आधीच्या मालकांनी सिलिंडर इतक्यांदा बोअर करून घेतला होता की आता त्याच्या भिंतीत कापायला काही शिल्लक नव्हतं. त्या मापाचा पिस्टन आम्हाला शोधशोधून कसाबसा एकच मिळाला होता. म्हणजे हा पिस्टन वितळला की सिलिंडर गेला, सिलिंडर गेला की गाडी गेली, आणि पोरीचं रेसिंग तिथंच संपलं. दुसरी गाडी आणायची आमची ऐपत नाही. हे मला, अप्पांना आणि तिला, तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या इंजिनाला आम्ही आजारी माणसासारखं जपायचो.

या गाडीत पॉइंट नाहीत, त्यामुळे कागदाची कला इथे चालेना. माझा नवरा धारवाडजवळच्याच बेलूरला कारखान्यात आहे. त्यानं एक डायल आणून दिलं. ते प्लगच्या भोकात बसवायचं, मग पिस्टन कुठवर आला ते काटा दाखवतो. अप्पांनी आधी त्या डायलकडे जावयाकडे बघावं तसं बघितलं. पण दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये आले तर ते डायल लावून, चष्मा कपाळावर चढवून, इंजिन पुढेमागे करत बसले होते. त्या वयात नवीन काही शिकायचं म्हणजे थट्टा नाही. ते शिकले, आणि आमच्यात सगळ्यात चांगलं शिकले.

या उन्हाळ्यात कलघटगीच्या अलीकडे, पीक काढून मोकळ्या झालेल्या रानात, रेस होती. हुबळी, गदग, बेळगाव, सगळीकडची मंडळी आली होती. त्यांच्याबरोबर आलेल्या मेस्त्रींपैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी आमच्या शेडमध्ये हात काळे केलेले. अप्पा टेम्पोतून उतरले तर पाया पडायला रांग लागली. मी मागे उभी राहून हेल्मेटची पिशवी धरली होती, आणि माझी मान आपोआप ताठ झाली होती.

सकाळी सरावाची फेरी झाली. लेक आली, मी प्लग काढून उन्हात धरला. प्लगच्या पांढऱ्या भागावर बारीक चकाकते ठिपके होते. ती चमक पिस्टनची. जमीन भुसभुशीत, ऊन कडक, इंजिनावर ताण, आणि आमचा एकुलता एक पिस्टन कणाकणानं वितळून प्लगवर येऊन बसायला लागला होता. मी प्लग अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"थोडं मागं घेऊ," ते म्हणाले. म्हणजे ठिणगी जराशी उशिरा. माझ्याही मनात तेच होतं.

"मेस्त्री टायमिंग लावायलेत" ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्याभोवती माणसांचं कडं झालं. अप्पांनी क्वाडच्या डाव्या बाजूला पाट टाकला, बसले, कव्हर काढलं, पुलर लावून प्लेटवरचा मॅग्नेट ओढून काढला. मी डायल पुढे केलं.

"केसभर फिरवायचंय, त्याला डायल कशाला?" ते म्हणाले. कड्यातली माणसं कौतुकानं हसली. अप्पांनी स्क्रू सैल केले, अंगठ्यानं प्लेट किंचित उजवीकडे सरकवली, स्क्रू आवळले, मॅग्नेट बसवला, कव्हर लावलं, खिशातली डबी काढून कुंकवाचं बोट टेकवलं. कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

लेकीनं किक मारली. किकनं तिचा पाय उलटा झटकला. "आई ग!" म्हणून ती हसली. पुढच्या किकला इंजिन सुरू झालं. तिनं मूठ पिळली आणि गाडी अशी चरकन उठली की पुढचे दोघे मागे सरकले. "यप्पा! चलो ऐति मेस्त्री!" गदगचा एक मेस्त्री ओरडला. चलो ऐति म्हणजे झकास. अप्पा टॉवेलनं हात पुसत बसल्या जागी हसत होते.

सगळे खूश होते आणि मी गार पडले. आम्ही गाडी मवाळ करायला निघालो होतो. मवाळ झालेली गाडी अशी चरकन उठत नाही, आणि तिची किक पायही झटकत नाही. मला अप्पांचा अंगठा आठवला. उजवीकडे गेला होता.

आमच्या त्या जुन्या मोटरसायकलींचा मॅग्नेटो उजव्या बाजूला असतो. तिकडून बघितलं तर इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, आणि ठिणगी उशिरा हवी असेल तर प्लेटही तशीच, उजवीकडे फिरवायची. क्वाडचा मॅग्नेटो डावीकडे आहे. डावीकडून तेच फिरणं उलटं दिसतं, म्हणून प्लेटही उलटी, डावीकडे फिरवायला लागते. अप्पांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. शेडमध्ये डायल लावून त्यांनी दर वेळी बरोबरच केलं होतं. पण इथे चारचौघांत, गप्पांच्या नादात, डायल बाजूला ठेवून त्यांनी अंगठ्यावर सोडलं, आणि अंगठा त्याच्या जुन्या गाडीवर गेला. ही चूक करायलासुद्धा जन्मभर त्या मोटरसायकली उघडलेल्या असाव्या लागतात. ऐऱ्यागैऱ्याला ती जमायची नाही.

पण पिस्टनला हे कोण सांगणार? ठिणगी आधीच लवकर पडत होती, आता आणखी लवकर पडायला लागली होती. तिकडे माईकवरून लेकीच्या गटाला बोलावणं आलं. तिनं हेल्मेटचा पट्टा लावला. दोन फेऱ्यांत तो पिस्टन गेला असता, आणि भर वेगात इंजिन जाम झालं असतं तर ती हँडलवरून फेकली गेली असती. आणि मला ते थांबवायचं तर अप्पांच्या सगळ्या शिष्यांसमोर कुंकू लागलेलं कव्हर उघडायला लागणार होतं.

माझी जीभ तशी कुणाला भीत नाही, पण त्या वेळी जिभेच्या आधी हात चालला. मी पुढे होऊन गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"अप्पा, कव्हर काढायला पाहिजे."

"कशाला?"

"प्लेट उलटी फिरलीय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "कुणी फिरवली? मी?" अप्पांचा आवाज चढला.

"तुम्हीच की."

"काय बोलायलीस ते कळतंय काय तुला? कुंकू लागलंय त्याला."

"कुंकू लागलंय म्हणून पिस्टन वितळायचा राहणार आहे काय?" माझाही आवाज चढला. आमच्या घरात आवाज एकाचा चढला की दुसऱ्याचा चढतोच.

लेकीनं हेल्मेट काढलं. "आई, अज्जांना असं सगळ्यांसमोर..."

"तू गप ग. गाडी तुझीच आहे." मी पुन्हा अप्पांकडे वळले. "किकनं पाय का झटकला हिचा? आणि तुम्ही गाडीच्या कुठल्या बाजूला बसलाय, बघा की जरा."

अप्पांनी कव्हरकडे बघितलं. मग स्वतःचा अंगठा वर धरला आणि हवेत हळूच फिरवला. गुडघ्यावर हात देऊन उठले, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले, तिथे वाकले, पुन्हा अंगठा फिरवला. मग परत डावीकडे आले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांची मान खाली गेली तर ती माझ्यामुळे जाणार होती, आणि तरीही मी हटले नाही. या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि कव्हरवरचं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं.

"खरं आहे," ते म्हणाले. मग पाट पायानं माझ्याकडे सरकवला. "तू लाव. मी त्यांना थांबवतो तिकडं."

आणि गेले. मला वाटलं होतं, ते डोक्यावर उभे राहतील, इकडे नको तिकडे कर म्हणतील, निदान एकदा वळून बघतील. तसल्या उन्हात ते टॉवेल झटकत तरातरा स्टार्टच्या रेषेकडे गेले आणि झेंडा धरलेल्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "स्वल्प निंदर्रि सर," जरा थांबा म्हणून त्यांची विनवणी मला ऐकू येत होती, आणि मग विनवणीचं भांडण होतानाही ऐकू आलं. भांडण्यात आमचं घराणं कुणाला हार जात नाही.

मी पाटावर बसले. मॅग्नेट काढला. जुन्या खुणेपासून प्लेट कुठे सरकलीय ते स्वच्छ दिसत होतं: चुकीच्या बाजूला, पण काय नेमकी केसभर! चुकतानासुद्धा हात किती मोजका चालतो बघा. मी डायल लावलं, पिस्टन वर आणला, मागे घेतला, काटा बघितला, प्लेट डावीकडे सरकवली आणि आवळली. कड्यातल्या माणसांनी माझ्या हातांकडे बघितलं ते मला कळत होतं, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं.

गाडी सुरू झाली तेव्हा तिचा आवाज खाली बसलेला होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेकीनं मूठ पिळून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ती रेषेवर गेली. अप्पा झेंडेवाल्याशी अजून बोलतच होते. तिला बघितल्यावर ते बाजूला झाले.

सुरुवातीला ती मागे पडली. मवाळ गाडीचं तसंच असतं. पण लांब सरळ पट्ट्यावर बाकीच्या गाड्या जिथे दमायच्या तिथे आमची वर वर चढत राहायची. शेवटच्या फेरीत तिनं बेळगावच्या पोराला तिथेच गाठलं आणि मागे टाकलं. दुसरी आली. मी किती ओरडले ते दुसऱ्या दिवशी घशानं सांगितलं. इंजिन जरा निवल्यावर प्लग काढला. स्वच्छ, बिस्किटाच्या रंगाचा, एकही ठिपका नाही. अप्पांनी तो उलटसुलट बघितला, "बरं आहे" म्हणाले आणि माझ्या हातात परत दिला.

एवढंच. घरी येताना टेम्पोत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. लेक मागे क्वाडशेजारी झोपली होती. मी मनात म्हटलं, दुखावले. इंजिन वाचलं, पोरगी धड आली, पण अप्पांचा मान मी त्या रानात घालवून आले.

मग आठवड्याभरात विचित्र प्रकार सुरू झाला. पानवाला मला बघून अंगठा फिरवून दाखवायला लागला. हुबळीच्या बाजारातून चुलतभावाचा फोन आला, "काय ग, अप्पांनी प्लेट उलटी लावली म्हणे?" मला वाटलं, कड्यातल्या कुणीतरी चहाडी केली. चौकशी केली तर कळलं, अप्पा स्वतःच सांगत सुटले होते. पानाच्या दुकानात, देवळाच्या कट्ट्यावर, भाजीच्या गाड्यापाशी. आणि दर सांगण्यात चूक मोठी होत होती. केसभराची बोटभर झाली होती. भाजीवालीला तर त्यांनी सांगितलं होतं की मी किल्ली फिरवली नसती तर गाडीनं पेटच घेतला असता.

हा माणूस आयुष्यात कधी "चुकलो" म्हणाला नव्हता. भाजीत मीठ विसरलं तरी जिभेचा दोष, असा खाक्या. आणि आता अख्ख्या धारवाडला हसवत होता. माझं डोकं फिरलं. माझ्या बापाला कुणी हसलेलं मला खपत नाही, मग हसवणारा तो स्वतः का असेना.

एका दुपारी मी बाजारातून शेडमध्ये आले तर अप्पा क्वाडच्या डाव्या बाजूला बसून एका अनोळखी गिऱ्हाइकाला अंगठा कसा गेला ते करून दाखवत होते. तो माणूस पोट धरून हसत होता. तो जाईपर्यंत मी कशीबशी थांबले.

"पुरे की आता, अप्पा! एवढं नाव कमावलंय तुम्ही. आपली चूक आपणच गावभर कशाला सांगत सुटलाय?"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी क्लचची तार कुठे असते ते विचारलं होतं.

"मी चुकलो म्हणून सांगितल्याशिवाय," ते म्हणाले, "तू चूक धरलीस म्हणून सांगायला येतंय काय ग?"